विल्टनचे ओतारी वन कसे पाहावे

वेलिंग्टन या न्यूझीलंडच्या राजधानीत येणारा प्रवासी बहुधा केबल कारने टेकडीवर चढतो, तिथल्या बोटॅनिक गार्डनमधले गुलाब पाहतो, बंदराची छायाचित्रे काढतो आणि खाली उतरतो. त्याच टेकड्यांच्या मागच्या अंगाला, शहराच्या मध्यापासून चार-पाच किलोमीटरवर, विल्टन नावाचे लहानसे उपनगर आहे. उतारावर वसलेली घरे, एक शाळा आणि वळणावळणाचा एक मुख्य रस्ता एवढाच त्याचा पसारा असला, तरी या रस्त्याच्या कडेला सुमारे 100 हेक्टरांचे देशी जंगल आणि त्याला जोडून सुमारे 5 हेक्टरांची लावलेली बाग उभी आहे. ओतारी या नावाने ओळखली जाणारी ही बाग संपूर्णपणे न्यूझीलंडच्या मूळच्या वनस्पतींना वाहिलेली असून, त्या देशातील अशी सार्वजनिक वनस्पती-बाग ही एकच आहे. येथे गुलाब नाहीत, ट्यूलिप नाहीत आणि पहिल्या नजरेत मन वेधून घेईल असा रंगही फारसा नाही. म्हणूनच ती कशी पाहावी हे आधी ठाऊक असणे गरजेचे ठरते. नाहीतर तासाभरात एक हिरवा बोगदा ओलांडून माणूस बाहेर पडतो आणि आपण काय पाहिले हे त्याला सांगता येत नाही.

जाण्यापूर्वी

थोडा इतिहास माहीत असला की जागेची रचना लगेच कळते. ‘ओतारी’ या माओरी (न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांच्या भाषेतील) नावाचा अर्थ ‘फासे लावण्याची जागा’ असा होतो, कारण येथे पक्षी पकडण्यासाठी फासे लावले जात. एकोणिसाव्या शतकात युरोपीय वसाहतकारांनी वेलिंग्टनभोवतीचे जंगल चराऊ कुरणांसाठी तोडले आणि जाळले. जोब विल्टन हा शेतकरीही त्यांच्यापैकीच एक होता, परंतु 1860 साली त्याने आपल्या जमिनीतील सुमारे 7 हेक्टर जंगलाला कुंपण घातले आणि ते तोडू दिले नाही. उपनगराला त्याचे नाव मिळाले आहे ते असे. पुढे 1926 साली लेनर्ड कॉकेन या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने तेथे ‘देशी वनस्पतींचे खुले संग्रहालय’ सुरू झाले. उरलेले जंगल पुन्हा भरून यावे, देशाच्या वेगवेगळ्या भागांतील वनस्पती एका ठिकाणी पाहता याव्यात आणि सामान्य माणसाने आपल्या अंगणात देशी झाडे कशी लावावीत हे त्याला प्रत्यक्ष दिसावे, हे त्यामागचे उद्देश होते. तिसरा उद्देश त्या काळाच्या मानाने धाडसाचा होता, कारण वसाहतीतील बागप्रेमींची नजर तेव्हा इंग्लंडच्या फुलझाडांवर खिळलेली होती. कॉकेन 1934 साली वारला. त्याची आणि त्याची पत्नी मॉड हिची समाधी याच बागेत आहे.

जंगल आणि संग्रह हे दोन भाग वेगळे आहेत, हे लक्षात ठेवावे. संग्रहातील झाडे देशाच्या टोकापासून टोकापर्यंतची, मुद्दाम आणून लावलेली आणि नावाच्या पाट्यांसह उभी आहेत, तर जंगलातील झाडे तिथलीच, आपली आपण उगवलेली आहेत. भेटीची सारी आखणी या फरकावर करावी.

ऋतूंचा क्रम उलटा असल्याने डिसेंबर ते फेब्रुवारी हा तेथील उन्हाळा असतो. फुले पाहायची असतील तर ऑगस्ट ते डिसेंबर हा काळ उत्तम ठरतो: आधी कोव्हाय या झाडाचे पिवळे घोस, मग पुआवानांगा या वेलीची पांढरी फुले, पाठोपाठ हाराकेके या तलवारीसारख्या पानांच्या वनस्पतीचे उंच दांडे आणि नोव्हेंबरच्या सुमारास राता या वृक्षाचा लाल मोहर. नेचे (फर्न), शेवाळे आणि खोडांच्या साली यांसाठी मात्र पावसानंतरचा हिवाळी दिवस मला अधिक योग्य वाटतो, कारण तेव्हा जंगलाचा ओलावा आणि त्यातल्या हिरवाईच्या असंख्य छटा खऱ्या अर्थाने दिसतात. जागा सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत खुली असते आणि प्रवेशाला पैसे पडत नाहीत. जूनमध्ये सायंकाळी पाचच्या सुमारासच सूर्य मावळतो आणि दरीत अंधार त्याहून लवकर उतरतो, हे ध्यानात घेऊन हिवाळ्यात सकाळीच निघावे.

शहराच्या मध्यभागातून 14 क्रमांकाची बस विल्टनला जाते आणि बागेच्या दाराशीच थांबते. पैसे देण्यासाठी तेथील बसमध्ये चालणारे स्नॅपर कार्ड आधी घेऊन ठेवावे. ज्यांना चालण्याची हौस आहे त्यांनी जॉन्सनव्हिल मार्गावरील रेल्वेने क्रॉफ्टन डाउन्सला उतरून पायी यावे. वेलिंग्टनचा वारा प्रसिद्ध आहे आणि तो काही प्रवाशांचे पाहून वाहत नाही. ऊन असले तरी वारा अडवणारे जाकीट बरोबर असावे, आणि उन्हाळ्यात टोपी विसरू नये, कारण हवा गार असतानाही तेथील ऊन कातडी पोळते. बूट घट्ट पकडीचे आणि स्वच्छ हवेत. परदेशातून येणाऱ्यांनी तर बुटांच्या तळव्यांना माती राहिलेली नाही याची विमानतळावर उतरण्यापूर्वीच खात्री करावी, कारण वापरलेले बूट, बिया, वनस्पती आणि खाद्यपदार्थ जाहीर करणे न्यूझीलंडमध्ये सक्तीचे आहे आणि जोखमीची वस्तू जाहीर न केल्यास जागच्या जागी 400 न्यूझीलंड डॉलरांचा दंड होतो. हा नियम अतिरेकी वाटत असेल, तर बाग पाहून झाल्यावर तसा वाटणार नाही.

आधी बाग, मग जंगल

प्रवेशद्वारापाशी ‘ते माराए ओ ताने’ हे माहिती केंद्र आहे. ताने हा माओरी परंपरेतील वनांचा देव. तेथून एक पूल थेट झाडांच्या शेंड्यांमधून पलीकडच्या संग्रहांकडे जातो. बहुतेक लोक या पुलावरच अर्धा तास घालवतात, खाली पाहतात, एकमेकांची छायाचित्रे काढतात आणि मग जिकडे वाट दिसेल तिकडे जातात. माझ्या मते पूल पहिल्या खेपेस न रेंगाळता ओलांडावा, किमान दीड तास संग्रहांमध्ये द्यावा, आणि पुन्हा पुलावर यावे ते नावे शिकून. पुस्तकातील चित्रे पाहण्यापूर्वी अक्षरे शिकावीत, तसे हे आहे.

संग्रहांत नेच्यांची बाग आहे, खडकांतल्या आणि उंच पर्वतांवरच्या वनस्पतींचे वाफे आहेत, वेलिंग्टनच्या किनाऱ्यावरील झुडपे आहेत, हेबे या झुडपांचे नाना प्रकार आहेत आणि हाराकेकेच्या जाती आहेत. जाती, संकर आणि बागायती वाण मिळून येथे सुमारे 1200 प्रकारच्या देशी वनस्पती आहेत. ते सारे एका दिवसात पाहण्याचा हट्ट धरू नये.

माझी सूचना अशी की सुरुवात सर्वांत कुरूप झुडपांपासून करावी. काही झुडपे अशी दिसतील की ती वाळून गेली आहेत असेच वाटावे: तारेसारख्या बारीक, चिवट काड्या, प्रत्येक काडी मोठ्या कोनात फुटून दुसरीत अडकलेली, बाहेरून जवळजवळ पानेच नाहीत. हाताने काड्या अलगद बाजूला केल्यास आत नखाएवढी, पुष्कळदा त्याहूनही लहान, पाने दिसतात. आपल्याकडील झुडपे कोवळी पाने बाहेर, प्रकाशाकडे धरतात. येथे ती आत लपवलेली आहेत. कोप्रोस्माच्या अनेक जाती, कोरोकिया आणि म्युलेनबेकिया ॲस्टोनी ही या ठेवणीची ठळक उदाहरणे असून, न्यूझीलंडमध्ये परस्परांशी नाते नसलेल्या अनेक कुळांमधील पन्नासहून अधिक जातींनी हीच ठेवण स्वतंत्रपणे घेतलेली आहे. जगात इतरत्र ती इतक्या प्रमाणात आढळत नाही.

याचे कारण काय, यावर शंभराहून अधिक वर्षे वाद चालू आहे. खुद्द कॉकेनचे मत असे होते की हिमयुगातील कोरड्या, वादळी हवेत कोवळी पाने वाचवण्यासाठी झुडपांनी हा पिंजरा विणला. दुसरे मत मोआ या पक्ष्याकडे बोट दाखवते. या देशात वटवाघळे सोडली तर जमिनीवर राहणारे मूळचे सस्तन प्राणी नव्हते. हरीण, बकरी, ससा यांच्या जागी पाला खाणारे होते ते उडता न येणारे मोआ, आणि त्यांतील सर्वांत मोठे मान उंचावून सुमारे तीन मीटरपर्यंत पोहोचत. माणूस तेराव्या शतकात या बेटांवर आला आणि त्यानंतर दीड-दोनशे वर्षांच्या आत मोआ संपले. दात नसलेला पक्षी पान चोचीत धरून खेचतो किंवा खुडतो. तुटणार नाही अशी चिवट काडी आणि तिच्या आत विखुरलेले बारीक पान यांतून त्याच्या पोटात श्रमाच्या मानाने फारच थोडे पडते. वारा खरा की पक्षी, की दोन्ही, याचा निवाडा झालेला नाही. परंतु झुडपापाशी उभे राहून दोन्ही मते त्याच्यावर लावून पाहणे, हा या बागेतला सर्वांत समृद्ध अर्धा तास आहे.

त्यानंतर होरोएका हे झाड शोधावे. लहान वयातले होरोएका म्हणजे एक सरळ काठी आणि तिच्यापासून खाली झुकलेली, करवतीच्या पात्यासारखी अरुंद, कडक आणि काळपट पाने. एकेक पान कधी कधी मीटरभर लांब असते. शेजारीच मोठे होरोएका असेल तर ते ओळखूही येणार नाही, कारण पंधरा-वीस वर्षांनी, झाड बरेच उंच झाले की पाने आखूड व रुंद होतात, फांद्या फुटतात आणि डोक्यावर गोल छत्र तयार होते. पूर्वीच्या वनस्पतिशास्त्रज्ञांचा येथे गोंधळ उडाला आणि त्यांनी एकाच झाडाच्या दोन वयांना दोन वेगळ्या जाती मानले, यात त्यांना हसण्यासारखे काही नाही. हे रूपांतर मोआची मान जेथे संपते त्या उंचीच्या आसपास होते, ही गोष्ट मोआच्या बाजूने बोलणाऱ्यांना अर्थातच आवडते.

मराठी वाचकाला येथे आणखी एक आनंद मिळू शकतो, तो म्हणजे ओळखीच्या कुळांची अनोळखी माणसे भेटण्याचा. कावाकावा हे हृदयाकृती पानांचे झुडूप नागवेल आणि मिरी यांच्या कुळातले, किंबहुना त्यांच्याच प्रजातीगटातले आहे. पानांना बहुधा भोके पडलेली असतात, ती एका पतंगाच्या अळीने पाडलेली असतात, आणि माओरी औषधोपचारात अशी भोकाळ पानेच अधिक गुणकारी मानली जातात. कोहेकोहे हे चकचकीत पानांचे झाड कडुनिंबाच्या कुळातले असून त्याची पांढरी फुले हिवाळ्याच्या तोंडावर, फणसाच्या फळांप्रमाणे, थेट खोडातून लोंबतात. तावा हा येथील जंगलाचा मुख्य वृक्ष दालचिनीच्या कुळातला आहे. आणि दलदलीत वाढणारा वायवाका तर आपल्या जांभळाचा सख्खा भाऊ म्हणावा इतका जवळचा, कारण दोघे सिझिजियम या एकाच प्रजातीगटातले.

वायवाकापाशी थोडे थांबावे. मर्टल रस्ट नावाचा बुरशीजन्य तांबेरा 2017 साली न्यूझीलंडच्या मुख्य भूमीवर पोहोचला आणि जांभळाच्या कुळातील देशी झाडांना त्याचा धोका निर्माण झाला. एरवी संकटातील वनस्पतीचे बी वाळवून, गोठवून पेढीत ठेवता येते. वायवाकाचे बी मात्र वाळवले की मरते. त्यामुळे ओतारीच्या वनस्पती-संवर्धन प्रयोगशाळेत हे बी आणि त्यातील गर्भ अतिशीत तापमानात जिवंत ठेवण्याच्या पद्धतींवर काम चालते. बुटांच्या तळव्यावरील मातीबद्दल इतकी काळजी का, याचे उत्तर येथे मिळते.

जंगलात

आता पुलावर परतावे. तो 75 मीटर लांब आहे आणि जंगलाच्या तळापासून सुमारे 18 मीटर उंचीवरून जातो. खाली पाहिल्यास मामाकू या वृक्षनेच्याची छत्रे वरून दिसतात, आणि हे दृश्य जमिनीवरून कधीच मिळत नाही. पोंगा हा दुसरा वृक्षनेचा त्याहून ठेंगणा. त्याच्या पानाची पाठ रुपेरी पांढरी असते आणि तोच या देशाच्या खेळाडूंच्या पोशाखावर झळकतो. पान तोडू नये. वाटेच्या कडेला आलेले पान नुसते उलटून पाहिले तरी पुरते.

पुलावरून उतरून दरीतल्या वाटा धराव्यात. रंगांनी दर्शवलेल्या अनेक पायवाटा आहेत. ज्यांच्याकडे वेळ थोडा आहे त्यांनी छोटी निसर्गवाट घ्यावी, आणि ज्यांच्या गुडघ्यांत जोर आहे त्यांनी सुमारे 800 वर्षांच्या रिमू वृक्षाकडे नेणारी चढउतारांची वाट धरावी. हा रिमू उगवला तेव्हा या बेटांवर माणूस नुकताच येत होता किंवा यायचाच होता. त्याच्याजवळ पोहोचल्यावर एक चूक टाळावी: फक्त खोडाचा घेर पाहून परत फिरू नये. मान मागे टाकून फांद्यांच्या बेचक्यांत पाहावे, कारण जुन्या रिमूच्या अंगावर एक दुसरी बाग रुजलेली असते. तिच्यातील वनस्पती बांडगुळासारख्या रस शोषत नाहीत, फक्त आधार घेतात.

उत्तर राता हा वृक्ष असाच सुरू होतो. त्याचे धुळीसारखे बी वाऱ्याने उंच बेचक्यात पडते, रोप तेथेच रुजते, मुळे खोडावरून खाली उतरत जमिनीपर्यंत येतात, एकमेकांत मिसळतात आणि कित्येक शतकांनी आधार देणारे झाड कुजून गेल्यावर रातालाच स्वतःचे खोड असल्याचा भास होतो. जुन्या भिंतीवर उगवलेला पिंपळ ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे समजायला वेळ लागणार नाही. ऑस्ट्रेलियातून केसाळ कातड्यासाठी आणून सोडलेल्या पोसम या प्राण्याला राताची पाने विशेष आवडतात आणि त्याने देशभर या वृक्षाची मोठी हानी केली आहे.

मोठे शंकुधारी वृक्ष ओळखण्यासाठी पानांपेक्षा सालीचा उपयोग अधिक होतो, कारण पाने वीस-तीस मीटर उंच असतात. तोताराची साल जाड, उभी, दोरखंडासारखी सुटणारी. मताईच्या सालीचे गोल तुकडे गळून तेथे लालसर ठसे राहतात, जणू कोणी हातोडीने ठोकले आहे. रिमूची साल खवल्यांनी सुटते आणि त्याची तरुण झाडे अश्रू ढाळल्यासारखी खाली लोंबतात. काहिकातेआ हा देशातील सर्वांत उंच देशी वृक्ष असून तो ओल्या जागी आवडीने वाढतो. पाचवा मिरो. एका भेटीत यांतील दोन पक्के ओळखता आले तरी पुष्कळ झाले.

दरीत कायफाराफारा हा ओढा वाहतो. त्याच्या काठावर थोडा वेळ बोलणे बंद करून बसावे. करोरी उपनगरातील झीलँडिया या कुंपणबंद अभयारण्यातून देशी पक्षी बाहेर पसरल्यापासून या भागात त्यांचे आवाज पुष्कळ वाढले आहेत. तुई घंटेसारखा सूर लावतो आणि मध्येच खाकरल्यासारखा आवाज काढतो. केरेरू हे मोठे कबूतर दिसण्याआधी पंखांच्या फडफडाटाने कळते. तावासारखी मोठ्या बियांची फळे अख्खी गिळून दूर नेण्याचे काम आता मुख्यतः त्याच्यावरच येऊन पडले आहे. कर्कश ओरडणारा तपकिरी पोपट दिसला तर त्याचे नाव ‘काका’ आहे हे मराठी मुलांना अवश्य सांगावे; मग ती त्याला विसरत नाहीत. यांपैकी कोणालाही खाऊ घालू नये.

सापांची भीती बाळगण्याचे कारण नाही, कारण न्यूझीलंडच्या भूमीवर साप नाहीत. जपावे लागते ते ओंगाओंगा या खाजऱ्या झुडपापासून: पानांवर आणि देठांवर लांब पांढरे काटे असतात आणि त्यांचा दंश साध्या खाजकुइलीपेक्षा कितीतरी गंभीर असतो. कराका या झाडाची केशरी फळे मोहक दिसतात, परंतु कच्ची बी विषारी असते; लहान मुले आणि कुत्री बरोबर असतील तर लक्ष ठेवावे. कुत्रे साखळीनेच न्यावे, सायकल वाटांवर आणू नये, आणि गळून पडलेले बी किंवा पानसुद्धा आठवण म्हणून खिशात घालू नये. जोराचा वारा सुटला असेल तर जुन्या वृक्षांखाली न थांबता मोकळ्या हिरवळीवर यावे.

हाराकेकेच्या वाफ्यापाशी परतताना एक गोष्ट मुलांना दाखवण्यासारखी आहे. तलवारीसारख्या पानांच्या प्रत्येक पंख्यात मधले कोवळे पान म्हणजे बाळ आणि त्याच्या दोन बाजूंची पाने म्हणजे त्याचे आईवडील, असे माओरी विणकर मानतात. विणण्यासाठी पाने कापताना या तिघांना हात लावत नाहीत, फक्त बाहेरची जुनी पाने घेतात. असे केल्याने रोप जिवंत राहते.

बाहेर पडल्यावर बसची वाट पाहताना शहरातल्या रस्त्यांवर आणि अंगणांत दिसणाऱ्या पोहुतुकावा या झाडांचा विचार करावा. डिसेंबरात लाल फुलांनी भरणारे हे झाड देशभर न्यूझीलंडचे प्रतीक मानले जाते, आणि वेलिंग्टनमध्ये ते जागोजागी लावलेले आहे. पण त्याचे नैसर्गिक क्षेत्र उत्तर बेटाच्या वरच्या अर्ध्या भागातच संपते. वेलिंग्टनचे मूळचे लाल फुलांचे झाड म्हणजे उत्तर राता, आणि दोघांचा संकर सहज होतो. तेव्हा पाटी नसलेले लाल फुलांचे झाड दिसले की पान उलटून पाहावे: पोहुतुकावाच्या पानाची पाठ पांढऱ्या मऊ लवेने भरलेली असते, राताचे पान लहान, दोन्ही बाजूंनी गुळगुळीत आणि टोकाशी किंचित खाच असलेले असते. दोन्ही लक्षणे अर्धी-अर्धी दिसली, तर तो बहुधा संकर समजावा.